डायनमोच्या गाडीत कटआउट वारंवार जळत असेल तर

सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत ज्यांच्याकडे जुनी अ‍ॅम्बॅसेडर किंवा पद्मिनी अजून चालत्या स्थितीत आहे, त्यांच्यापैकी अनेकांची एक तक्रार उन्हाळा लागला की डोके वर काढते. कोणाच्या बॅटरीतले पाणी आठवड्याभरात आटते, हेडलाइटचे बल्ब एकामागून एक उडतात आणि बॅटरीच्या झाकणांभोवती पांढरट थर जमतो. कोणाच्या गाडीत नेमके उलटे होते, म्हणजे डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा वेगात असतानाही विझत नाही आणि सकाळी स्टार्टर फिरत नाही. गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली की ‘कटआउट गेला’ असे निदान होते, नवा डबा बसतो, काही महिने सर्व ठीक चालते आणि मग तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. हे लिखाण त्या ‘पुन्हा’विषयी आहे. चांगल्या प्रतीचा रेग्युलेटर, म्हणजे डायनमोचे व्होल्टेज आवरणारा हाच डबा, स्वतःच्या दोषाने क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा डायनमोतला, वायरिंगमधला किंवा अर्थिंगमधला (गाडीच्या पत्र्याला केलेल्या जोडातला) दोष त्याला बिघडवतो, आणि तो दोष तसाच ठेवून बसवलेला नवा डबाही त्याच वाटेने जातो.

येथे फक्त बारा व्होल्टच्या, डायनमो (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे जुन्या पद्धतीचे यंत्र) असलेल्या गाड्यांचा विचार केला आहे. उदाहरणासाठी लुकासचा सी ४० डायनमो आणि आरबी १०६ हा दोन गुंडाळ्यांचा रेग्युलेटर घेतला आहे, कारण त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांत हीच जोडी किंवा तिचेच तत्त्व दिसते. अल्टरनेटरच्या गाडीला यातल्या चाचण्या जशाच्या तशा लावू नयेत. विशेषतः टर्मिनल एकमेकांना जोडून पाहण्याची चाचणी तेथे महागात पडेल.

आपल्याकडचे मेकॅनिक ज्या संपूर्ण डब्याला कटआउट म्हणतात, त्यात प्रत्यक्षात दोन वेगळी साधने असतात. एक गुंडाळी खऱ्या अर्थाने कटआउट असते: डायनमोचे व्होल्टेज साधारण १२.७ ते १३.३ च्या दरम्यान पोहोचले की ती डायनमो बॅटरीला जोडते आणि इंजिन मंदावून विद्युतप्रवाह उलटा वाहू लागला की तोडते. दुसरी गुंडाळी रेग्युलेटरची. तिचे काँटॅक्ट एरवी मिटलेले असतात, त्यामुळे डायनमोच्या फील्डला, म्हणजे त्यात चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वाइंडिंगला, पूर्ण व्होल्टेज मिळते. ठरलेली पातळी गाठली की काँटॅक्ट उघडतात, फील्डच्या मार्गात एक रेझिस्टन्स येतो, चुंबकत्व घटते, व्होल्टेज उतरते आणि काँटॅक्ट पुन्हा मिटतात. ही उघडमीट इंजिन चालू असेपर्यंत सेकंदाला अनेक वेळा होत राहते. काँटॅक्टची झीज, त्यांचे चिकटणे, त्यांचे करपणे या सगळ्याचे मूळ या अखंड उघडमिटीत आणि त्या काँटॅक्टमधून वाहणाऱ्या फील्डच्या प्रवाहात आहे, हे लक्षात ठेवले तर पुढचे तर्क सोपे जातात.

आधी लक्षण नीट ओळखावे

सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना लाल दिवा मिणमिणत असेल तर तो दोष नाही. डायनमो कमी फेऱ्यांवर पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही, आणि आयडलिंगला दिवा मंद पेटून रेस वाढवताच विझणे हे त्याचे नेहमीचे वागणे आहे. अल्टरनेटरच्या गाड्यांची सवय झालेल्यांना हे खटकते आणि तेथूनच अनावश्यक दुरुस्तीला सुरुवात होते.

पट्टा आणि बॅटरी यांचा निकाल सर्वप्रथम लावावा. फॅन बेल्ट दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबला असता सुमारे १२ मिलिमीटर दबावा. त्याहून फार ढिला असेल तर रात्री दिवे लावल्यावर तो घसरतो, आणि फार ताणलेला असेल तर डायनमोची बेअरिंग व मागचा बुश लवकर झिजतात. बॅटरीच्या प्रत्येक सेलची घनता हायड्रोमीटरने पाहावी. सहांपैकी एखाद्या सेलचा आकडा इतरांपेक्षा ०.०५० किंवा अधिक कमी असेल तर ती बॅटरी बदलल्याशिवाय चार्जिंगच्या मोजणीला अर्थ नाही, कारण खराब सेलची बॅटरी डायनमोकडून सतत जास्त प्रवाह ओढत राहते आणि दोष मात्र रेग्युलेटरच्या नावावर लागतो.

सकाळी बॅटरी उतरलेली सापडत असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. इंजिन बंद असताना डायनमोच्या डी या मोठ्या टर्मिनलवर व्होल्टेज शून्य असायला हवे. तेथे बारा व्होल्ट दिसले तर कटआउटचे काँटॅक्ट चिकटलेले आहेत आणि बॅटरी रात्रभर डायनमोतून रिकामी होत आहे. अशा वेळी बॅटरीचे टर्मिनल ताबडतोब सोडवावे, कारण हा प्रवाह वायर तापवून इन्सुलेशन वितळवण्याइतका मोठा असू शकतो.

डायनमो वेगळा करून पाहणे

रेग्युलेटरला दोष देण्यापूर्वी डायनमो एकटा काय देतो हे पाहणे अपरिहार्य आहे, आणि हीच पायरी बहुधा गाळली जाते. डायनमोवरच्या दोन्ही वायरी काढाव्यात. मोठे टर्मिनल डी आणि लहान टर्मिनल एफ. ही दोन टर्मिनले एका छोट्या वायरने एकमेकांना जोडावीत, त्या जोडावर व्होल्टमीटरचे एक टोक आणि डायनमोच्या अंगावर दुसरे टोक लावावे, इंजिन सुरू करावे आणि रेस अगदी हळू वाढवावी. व्होल्टेज न अडखळता भराभर चढले पाहिजे. वीस व्होल्टच्या वर ते जाऊ देऊ नये आणि त्यासाठी इंजिन घुमवण्याचीही गरज नसते. निरोगी डायनमो आयडलिंगच्या थोड्याच वर तेथे पोहोचतो.

मीटर काहीच दाखवत नसेल तर कार्बन ब्रश अडकले आहेत का, झिजले आहेत का आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो पट्ट्यांचा गोल भाग) काळवंडला आहे का हे पाहावे. अर्धा ते एक व्होल्ट एवढेच दिसत असेल तर संशय फील्डच्या वाइंडिंगवर घ्यावा. चार-पाच व्होल्टवर अडकत असेल तर आर्मेचरवर, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाच्या वाइंडिंगवर. या दोन्ही कामांसाठी शहरात माणसे मिळतात, कारण यंत्रमागाच्या आणि शेतीपंपाच्या मोटारी भरणारी रिवायंडिंगची दुकाने सोलापुरात कधीच कमी नव्हती. मात्र आर्मेचर भरून आल्यावर कम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक खाली कापून घेतला आहे याची खात्री स्वतः करावी. पंपाच्या मोटारीचे काम करणारा कारागीर पुष्कळदा तो कम्युटेटरच्या बरोबरीने ठेवतो आणि मग ब्रश उड्या मारतात.

डायनमो या चाचणीत पास झाला तरी फील्डचे मोजमाप करावे, आणि रेग्युलेटर वारंवार जळणाऱ्या गाडीत तर ते टाळूच नये. सी ४० च्या फील्डचा रेझिस्टन्स सुमारे ६ ओहम असतो, म्हणजे बारा व्होल्टला त्यातून दोन अ‍ॅम्पिअर जातात. वाइंडिंगचे काही वेढे आतल्या आत शॉर्ट झाले तर रेझिस्टन्स चार-साडेचार ओहमवर येतो. डायनमो तरीही उत्तम चार्ज करतो, किंबहुना लवकर करतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण आता रेग्युलेटरच्या काँटॅक्टना दोनऐवजी तीन अ‍ॅम्पिअरच्या आसपास प्रवाह तोडावा लागतो आणि ते काही महिन्यांत करपतात. हे मोजमाप इंजिन थंड असताना एकदा आणि तासभर गाडी चालवून आल्यावर लगेच एकदा घ्यावे. तांबे तापले की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून गरम अवस्थेतला आकडा थोडा जास्त यायला हवा. तो उलट कमी आला तर उष्णतेने वेढे एकमेकांना चिकटत आहेत, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतच डबे का जातात याचे उत्तर तेथे मिळते. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स आधी मोजून वजा करण्यास विसरू नये. इतक्या लहान आकड्यांत तो फरक पाडतो.

ई टर्मिनल

माझ्या मते वारंवार होणाऱ्या ओव्हरचार्जिंगमागे सर्वांत जास्त वेळा रेग्युलेटरचे ई, म्हणजे अर्थचे, टर्मिनल असते, आणि सर्वांत कमी वेळा तेच पाहिले जाते. रेग्युलेटरची व्होल्टेज ओळखणारी गुंडाळी डी आणि ई यांच्या मध्ये असते. ई ची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जेथे जोडली आहे तेथे गंज, रंग किंवा ढिला स्क्रू असेल तर त्या जोडावर काही व्होल्टेज खर्च होते आणि गुंडाळीला प्रत्यक्षापेक्षा कमी व्होल्टेज ‘दिसते’. ती त्या प्रमाणात उशिरा काम करते. जोडावर एक व्होल्ट खर्च होत असेल तर बॅटरीकडे तेवढे व्होल्टेज जास्त जाते, पाणी आटते, बल्ब उडतात, आणि डबा बदलला तरी काही बदलत नाही. क्वचित बदलल्यासारखे वाटते ते एवढ्यासाठीच की नवा डबा बसवताना स्क्रू सोडून पुन्हा आवळला जातो आणि जोड काही दिवस बरा लागतो.

विजापूर रोडवरच्या एका परिचितांच्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये हा प्रकार गाडी संपूर्ण रंगवून घेतल्यापासून सुरू झाला होता. इंजिनच्या खोलीतला पत्राही खरवडून, प्राइमर आणि रंगाचे जाड थर देऊन अगदी शोरूमसारखा केलेला होता, आणि ई ची वायर त्या रंगावरच स्क्रूने आवळलेली होती. स्क्रूच्या आट्यांमधून जो काही संपर्क होत होता तेवढ्यावरच सारा रेग्युलेटर चालत होता. त्यातच कोणीतरी नंतर बसवलेल्या हॅलोजन दिव्यांच्या रिलेची आणि दिव्यांचीही अर्थ सोयीसाठी त्याच स्क्रूखाली घेतली होती. साठ वॉटचे दोन दिवे म्हणजे सुमारे दहा अ‍ॅम्पिअर. एवढा प्रवाह त्या कच्च्या जोडातून जाऊ लागला की ई ची पातळी आणखी उचलली जाई. परिणामी दिवसा जेमतेम ठीक वाटणारी गाडी रात्री तुळजापूरला जाऊन आली की बॅटरी उकळलेली असे.

यातून एक सोपी चाचणी निघते. इंजिन मध्यम वेगावर स्थिर ठेवून बॅटरीवरचे व्होल्टेज पाहावे आणि मग हेडलाइट लावावेत. भार वाढल्यावर व्होल्टेज किंचित उतरले पाहिजे. आरबी १०६ ची रचनाच तशी आहे की प्रवाह वाढला की तो व्होल्टेज थोडे खाली आणतो. दिवे लावल्यावर व्होल्टेज वाढत असेल तर दुसरीकडे कोठेही न पाहता ई चा जोड तपासावा. खात्रीसाठी मल्टिमीटर वीस व्होल्टऐवजी दोन व्होल्टच्या पट्टीवर ठेवून एक टोक रेग्युलेटरच्या ई वर आणि दुसरे बॅटरीच्या अर्थ असलेल्या खांबावर (वायरच्या लगवर नव्हे, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर) धरावे. इंजिन चालू, दिवे चालू, अशा स्थितीत एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये.

उपाय स्वस्त आहे. ई साठी स्वतंत्र वायर घ्यावी, पत्र्यावरचा रंग नाण्याएवढ्या जागेत खरवडून उघडा करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा थर द्यावा. त्या बोल्टखाली दुसरी कोणतीही अर्थ घेऊ नये. इंजिनपासून चेसिसकडे जाणारी जाड पट्टीही त्याच बैठकीत काढून, घासून पुन्हा बसवावी. वर उल्लेखलेल्या गाडीत एवढ्यावरच चार्जिंग जागेवर आले. डबा बदलावा लागला तो केवळ जुन्याचे काँटॅक्ट आधीच करपले होते म्हणून.

एफ च्या वायरकडेही याच वेळी लक्ष द्यावे. ही वायर डी ला कोठे चाटत असेल तर रेग्युलेटरला बगल मिळून डायनमो पूर्ण शक्तीने चालतो, आणि अंगाला टेकत असेल तर चार्जिंग बंद होऊन काँटॅक्टवर ठिणग्या उडतात. इंजिनजवळून जाणारे जुने कापडी इन्सुलेशन हात लावताच भुगा होत असेल तर तपासत बसण्यापेक्षा डी आणि एफ च्या दोन्ही वायरी नव्या टाकणे शहाणपणाचे. एक गोष्ट मात्र अनेक गाड्यांत आढळते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. रेडिओतली खरखर घालवण्यासाठी कोणे एके काळी बसवलेला कंडेन्सर डी ऐवजी एफ ला जोडलेला असतो. रेडिओ केव्हाच निघून गेलेला असतो, कंडेन्सर राहतो, आणि प्रत्येक उघडमिटीला तो काँटॅक्ट जाळत राहतो. एफ वर कंडेन्सर कधीही असू नये.

नवा डबा बसवताना

इथपर्यंतचे सर्व तपासून झाल्यावरच नवा रेग्युलेटर घ्यावा. कदाचित त्याची गरजही पडणार नाही, कारण काँटॅक्ट फक्त काळे पडले असतील तर ते साफ करता येतात. येथे दोन्ही काँटॅक्टचा धातू वेगळा असतो हे जपावे: रेग्युलेटरचे टंगस्टनचे काँटॅक्ट बारीक कार्बोरंडम दगडाने किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या कागदाने घासावेत, तर कटआउटचे चांदीचे काँटॅक्ट मऊ असल्याने त्यांना फक्त बारीक काचकागद लावावा. एमरी पेपर तेथे वापरू नये. घासून झाल्यावर स्पिरिटच्या कापडाने पुसावे. काँटॅक्टवर खोल खड्डे पडले असतील किंवा गुंडाळीचे एनॅमल करपून वास येत असेल तर मात्र डबा बदलावाच.

बॅटरीचे टर्मिनल सोडवूनच काम सुरू करावे आणि प्रत्येक वायरीला काढण्यापूर्वी चिकटपट्टीवर नाव लिहून लावावे. लुकासच्या मूळ वायरिंगमध्ये डी ची वायर पिवळी आणि एफ ची पिवळी-हिरवी असे, पुढे त्या तपकिरी-पिवळ्या आणि तपकिरी-हिरव्या झाल्या. परंतु इतक्या वर्षांत किती हात लागले असतील हे सांगता येत नसल्याने रंगावर विसंबू नये. डी आणि एफ ची अदलाबदल झाली तर डायनमोचा सगळा प्रवाह रेग्युलेटरच्या नाजूक काँटॅक्टमधून जाऊ पाहतो आणि नवा डबा पहिल्याच रेसला जातो. आरबी १०६ च्या जागी तीन गुंडाळ्यांचा आरबी ३४० बसवता येतो, पण त्यातली तिसरी गुंडाळी प्रवाहावर मर्यादा घालणारी असल्याने ती आपल्या डायनमोच्या क्षमतेला जुळलेली हवी; सी ४० च्या नेहमीच्या प्रकारासाठी ती मर्यादा २२ अ‍ॅम्पिअर आहे.

डायनमो उघडला गेला असेल, गाडी दीर्घकाळ उभी असेल किंवा बॅटरी चुकून उलटी लागली असेल तर इंजिन सुरू करण्यापूर्वी डायनमोला योग्य ध्रुवता द्यावी लागते. त्यासाठी डायनमोवरची एफ ची वायर काढून ठेवावी आणि बॅटरीचा जो खांब अर्थ नाही त्यापासून आणलेली वायर डायनमोच्या एफ टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवावी. बारीक ठिणगी पडते, ते अपेक्षित आहे. मात्र बॅटरीतून नुकताच वायू सुटत असेल तर हे काम बॅटरीच्या जवळ करू नये. एफ ची वायर रेग्युलेटरला जोडलेली ठेवून हा प्रयोग केल्यास प्रवाह काँटॅक्टमधून आर्मेचरकडे धावतो, म्हणून ती काढण्याची अट कडक समजावी. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब अर्थ असतो, हेही आधी पाहून घ्यावे.

यानंतर जुळणी. बाजारात मिळणारे अनेक नवे डबे जुळवलेले नसतात, कितीही ‘सेट करून आहे’ असे सांगितले तरी. ए (बॅटरीकडची) आणि ए-१ (इग्निशन व दिव्यांकडची) या टर्मिनलांच्या वायरी डब्यातून काढून एकमेकींना जोडाव्यात, म्हणजे इग्निशन चालू राहते आणि डायनमो बॅटरीपासून तुटतो. व्होल्टमीटर डी आणि ई यांच्यात लावून रेस वाढवत न्यावी. काटा एकदा थरथरून स्थिर होतो, तो आकडा वाचावा. आरबी १०६ साठी २० अंश सेल्सिअसला हा आकडा १६ ते १६.४ व्होल्टच्या दरम्यान असावा, आणि हवा जितकी गरम तितका तो कमी ठेवावा; आपल्या डब्याच्या उपप्रकाराचा तापमानाचा तक्ता गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. आरबी ३४० चा आकडा यापेक्षा खाली, साधारण १४.५ ते १५.५ मध्ये असतो.

या पायरीवर नेहमी होणारा गोंधळ असा. अल्टरनेटरवर हात बसलेला कारागीर सोळा व्होल्ट पाहून दचकतो आणि स्क्रू फिरवून ते १४.२ वर आणतो. पण सोळा हा आकडा बॅटरी तुटलेली असतानाचा आहे. बॅटरी जोडली की प्रवाह सुरू होतो आणि याच जुळणीवर व्होल्टेज आपोआप साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास येते. उघड्या स्थितीत १४.२ ठेवले तर बॅटरी कायम अर्धपोटी राहते, आणि याउलट बॅटरी जोडलेली असताना सोळा गाठण्याचा प्रयत्न केला तर ती उकळते. दोन्ही चुकांनंतर पुन्हा ‘कटआउट खराब’ असाच निष्कर्ष निघतो.

जुळणीचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की व्होल्टेज वाढते. संपूर्ण काम तीस सेकंदांत उरकावे, कारण गुंडाळी तापली की आकडे सरकतात; जमले नाही तर इंजिन बंद करून डबा निवू द्यावा आणि पुन्हा सुरुवात करावी. सोलापुरात हे काम उन्हाळ्यात सकाळी लवकर, गाडी रात्रभर सावलीत उभी असताना करणे सोयीचे. दुपारी चाळीस-बेचाळीस अंशांत बॉनेटखालचा पत्रा हात लावू देत नाही, आणि अशा वेळी डब्याचे नेमके तापमान काय धरायचे हाच प्रश्न पडतो.

जागी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचाही पर्याय आहे. त्यात काँटॅक्ट नसल्याने करपणे नाही, परंतु तो बॅटरीच्या ध्रुवतेनुसारच घ्यावा लागतो आणि ई चा जोड कच्चा असेल तर तोही तितकाच फसतो. ज्यांना गाडीचे मूळ रूप जपायचे आहे त्यांनी जुनाच प्रकार ठेवावा असे मला वाटते. नीट जुळलेल्या आरबी १०६ ला वर्षानुवर्षे हात लावावा लागत नाही. मात्र पंखा, मोठे हॉर्न, म्युझिक सिस्टिम आणि हॅलोजन असे सर्व एकदम चालवायचे असेल तर २२ अ‍ॅम्पिअरचा डायनमो कोणत्याही रेग्युलेटरने पुरणार नाही, आणि तेथे प्रश्न रेग्युलेटरचा उरतच नाही.

काम झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात अ‍ॅम्पिअर मीटरवर लक्ष ठेवावे. स्टार्ट केल्यावर काटा चार्जिंगकडे बराच जाऊन वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीनंतर मध्याच्या थोडा पुढे येऊन थांबला पाहिजे. तो तसाच वर अडकून राहिला तर मल्टिमीटर पुन्हा ई वर न्यावा. बॅटरीच्या पाण्याची पातळी आठवड्याने पाहावी, आणि सर्व सहा सेलमध्ये ती सारखीच उतरली आहे का, की एकाच सेलमध्ये जास्त, हेही टिपून ठेवावे. एकच सेल आटत असेल तर दोष चार्जिंगचा नसून बॅटरीचा आहे.